मोबाईलची बॅटरी 'डेड' झाली? घरच्या घरी पुन्हा चार्ज कशी करायची आणि कुठे थांबायचं, वाचा सविस्तर

लाईट आली, चार्जर लावला, अर्धा तास झाला तरी मोबाईलवर बॅटरीची साधी खूणसुद्धा दिसत नाही. नेमका त्याच नंबरवर बँकेचा ओटीपी येणार असतो. पीएम किसानची ई-केवायसी अडलेली असते, नाहीतर ई-पीक पाहणीची मुदत संपत आलेली असते. मोबाईलचं दुकान तालुक्याला आणि एसटी दिवसातून दोनदा. अशा वेळी कुणी सांगतं, "बॅटरी रात्रभर फ्रीजमध्ये ठेव." दुसरा म्हणतो, "ट्रॅक्टरच्या बॅटरीला दोन वायरी जोडून झटका दे, लगेच उठते." मोबाईलवर असे व्हिडिओही ढिगाने फिरत असतात.

यातले काही उपाय खरे आहेत, बरेचसे फुकटचे आहेत आणि दोन-तीन थेट जिवावर बेतणारे आहेत. कोणता कशात मोडतो हे सगळ्यांना माहीत असावं, म्हणून ही माहिती एका ठिकाणी देत आहोत.

दोन गोष्टी आधीच लक्षात घ्या. फोन सुरू होत नाही म्हणजे बॅटरी मेली असं नसतं. अनेकदा दोष केबलचा, चार्जिंग पिनचा नाहीतर बोर्डाचा निघतो. आणि बॅटरी खरंच मेली असेल, तर तिला जबरदस्तीने उठवायचं नसतं.

घाई ओटीपीची असेल तर आधी हे करा

तुमचा नंबर बॅटरीत नसतो, तो सिममध्ये असतो. म्हणून ओटीपीसाठी बॅटरीशी झटापट करायची गरजच नाही. बंद फोनमधलं सिम काढा, घरातल्या दुसऱ्या कुठल्याही चालू फोनमध्ये घाला, ओटीपी त्याच फोनवर येईल.

जुन्या बटणाच्या फोनमधलं सिम मोठं असतं, नव्या फोनची जागा लहान असते. सिम कात्रीने कापत बसू नका, चिप खराब होते. आधी शेजारीपाजारी कुणाकडे बटणाचा फोन असेल तर त्यात घालून बघा. नाहीच जमलं तर ज्याच्या नावावर सिम आहे त्याने ओळखपत्र घेऊन कंपनीच्या दुकानातून त्याच नंबरचं लहान सिम घ्यावं. एक लक्षात ठेवा, असं बदललेलं सिम सुरू झाल्यावर पहिले २४ तास एसएमएस बंद ठेवले जातात. फसवणूक टाळण्यासाठी हा नियम आहे. त्यामुळे शेवटच्या दिवशी सिम बदलून ओटीपीची वाट पाहू नका.

फोटो मेमरी कार्डमध्ये असतील तर तेही काढून दुसऱ्या फोनमध्ये पाहता येतात. हे झालं की मग शांतपणे बॅटरीकडे वळा.

बॅटरी 'डेड' होते म्हणजे नेमकं काय होतं?

आजच्या फोनमध्ये लिथियम-आयन जातीची बॅटरी असते. ही जात १९९१ मध्ये सोनी कंपनीने बाजारात आणली. ज्या संशोधनावर ती उभी आहे, त्यासाठी जॉन गुडइनफ, स्टॅनली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

बॅटरीवर ३.७ किंवा ३.८ च्या आसपास व्होल्ट छापलेले असतात. पूर्ण भरल्यावर ती ४.२ व्होल्टपर्यंत जाते, नव्या फोनमध्ये ४.४ च्या आसपास. फोन शून्य टक्के दाखवून बंद होतो तेव्हाही बॅटरीत साधारण ३.३ व्होल्ट उरलेले असतात. म्हणजे विहिरीत पाणी आहे, फक्त मोटारीचा फूटव्हॉल्व्ह उघडा पडू नये म्हणून मोटार आधीच बंद केलेली असते.

पण फोन तसाच दोन-चार महिने ट्रंकेत पडून राहिला, तर ते उरलेलं पाणीही हळूहळू झिरपून जातं. व्होल्टेज अडीचच्या आसपास आलं की बॅटरीच्या तोंडाशी बसवलेली छोटी सुरक्षा पट्टी बॅटरीचा संबंध तोडते. याला लोक 'बॅटरी झोपली' म्हणतात. ही झोपलेली बॅटरी अनेकदा उठते.

याच्याही खाली, दोन व्होल्टच्या आत जाऊन ती बरेच दिवस पडून राहिली, की आत कायमचं नुकसान होतं. बॅटरीच्या आत तांब्याचा पातळ पत्रा असतो. फार खाली गेलेल्या बॅटरीत हे तांबं विरघळू लागतं. पुन्हा चार्ज केलं की ते भलतीकडे जाऊन साचतं आणि आतल्या आत शॉर्टसर्किट होऊ शकतं. अशी बॅटरी उठली तरी भरवशाची राहत नाही. आज चालेल, आठ दिवसांनी उशाशी चार्जिंगला असताना पेटेल.

म्हणून बॅटरीचे तीन प्रकार समजा. भुकेली, झोपलेली आणि मेलेली. पहिल्या दोघींवर घरी उपाय होतो. तिसरीवर नाही.

चार्जर लावण्याआधी बॅटरी नीट बघा

खालीलपैकी एक जरी खूण दिसली, तरी चार्जर लावायचाच नाही:

• बॅटरी फुगली आहे. बॅटरी निघणारी असेल तर सपाट फरशीवर ठेवून बोटाने गरगर फिरवून बघा, फुगलेली बॅटरी भिंगरीसारखी फिरते. आतली बॅटरी असेल तर फोनचं मागचं झाकण उचललेलं दिसतं किंवा स्क्रीन कडेने वर आलेली असते.
• गोडसर किंवा थिनरसारखा वास येतो, किंवा कडेला ओलसर डाग आहे.
• बॅटरी वाकली आहे, चेपली आहे, टोचली गेली आहे किंवा वरचं वेष्टन फाटलं आहे.
• फोन पाण्यात पडला होता आणि अजून आत ओल आहे.
• मागच्या वेळी चार्जिंगला असताना फोन हातात धरवेना इतका तापला होता.

फुगलेल्या बॅटरीला टाचणीने भोक पाडून हवा काढायचा उद्योग कुणी करू नये. आत पेट घेणारा वायू आणि पेट घेणारं द्रव दोन्ही असतात. भोक पडताच तिथेच जाळ होऊ शकतो.

घरी करून बघायची पद्धत

बॅटरी दिसायला ठीक असेल तर पुढच्या पायऱ्या याच क्रमाने करा.

१. बोर्ड तपासा. ज्या सॉकेटमध्ये चार्जर लावला त्यात दुसरं काही लावून बघा. कमी दाबाने येणाऱ्या लाईटवर बल्ब मिणमिणत असेल तर पूर्ण दाब येईपर्यंत थांबा.

२. केबल आणि चार्जर बदला. तोच चार्जर दुसऱ्या चालू फोनला लावा. तिथेही चार्ज होत नसेल तर दोष सापडला. केबल बहुतेक वेळा तोंडाजवळ, वाकते तिथेच आतून तुटते. बाहेरून ती धड दिसते.

३. चार्जिंग पिन साफ करा. शर्टाच्या खिशात फोन ठेवणाऱ्यांच्या पिनेत धूळ, कापसाचे तंतू, तंबाखूची भुकटी दाबून बसते. मग केबल पूर्ण आत जात नाही. चार्जर काढा, फोन बंद असू द्या, लाकडी टूथपिकने किंवा कोरड्या मऊ ब्रशने हलक्या हाताने कचरा बाहेर ओढा. टाचणी, सुई, सेफ्टीपिन वापरू नका. आतले तोटे एकमेकांना चिकटतात. तोंडाने फुंकूही नका, थुंकीची ओल आत जाते.

४. निघणारी बॅटरी असेल तर तोटे पुसा. बॅटरी काढा, तिचे पिवळे तोटे आणि फोनमधल्या स्प्रिंगच्या पट्ट्या कोरड्या कापडाने पुसा. हिरवट-काळा थर असेल तर पेन्सिलच्या खोडरबराने हलकेच घासा. मग बॅटरी घट्ट बसवा. सैल बसत असेल तर कागदाची बारीक घडी मागच्या बाजूला चालते, चांदीचा चकचकीत कागद चालत नाही.

५. आता चार्जर लावा आणि वाट बघा. इथेच बहुतेकांची गडबड होते. झोपलेल्या बॅटरीला फोन सुरुवातीला अगदी थोडा करंट देतो. उपाशी माणसाला आधी पेज देतात, तसंच. या काळात स्क्रीन काळीच राहते. पाच मिनिटांत काही दिसलं नाही म्हणून चार्जर काढू नका. निदान अर्धा तास, जुन्या फोनला दोन तासांपर्यंत वेळ द्या. पण फोन नजरेसमोर, फरशीवर किंवा लोखंडी ताटात ठेवा. गादीवर, गवतावर, देव्हाऱ्यातल्या कापडावर नको. दर दहा मिनिटांनी हात लावून बघा. कोमट चालेल. चटका बसला तर लगेच बोर्डाचं बटण बंद करा.

६. जोर लावून रीस्टार्ट करा. चार्जर लावलेला असतानाच पॉवरचं बटण दहा ते तीस सेकंद दाबून धरा. काही फोनमध्ये पॉवर आणि आवाज कमी करायचं बटण एकत्र दाबावं लागतं. कधी कधी बॅटरी भरलेली असते, फोनच हँग होऊन काळा पडलेला असतो.

७. साधा चार्जर वापरून बघा. फार खाली गेलेला फोन कधी कधी फास्ट चार्जरशी जुळवून घेत नाही. जुना ५ व्होल्ट १ अँपिअरचा चार्जर किंवा कॉम्प्युटरचं यूएसबी लावल्यावर तोच फोन हळूहळू जागा होतो.

८. अदलाबदल करून बघा. बटणाच्या फोनसाठी सगळ्यात खात्रीचा उपाय. त्याच मॉडेलची चांगली बॅटरी तुमच्या फोनमध्ये घाला. फोन सुरू झाला तर दोष बॅटरीचा, नाही झाला तर दोष फोनचा. अनेक नोकिया फोनना लागणारी बीएल-५सी ही बॅटरी आजही गावोगाव सापडते, त्यामुळे हा प्रयोग सहज जमतो.

फोन सुरू झाला की लगेच बोलायला घेऊ नका. वीस-तीस टक्के भरू द्या. मग पहिलं काम एकच: फोटो, कागदपत्रं आणि नंबर दुसरीकडे उतरवून ठेवा. एकदा झोपलेली बॅटरी पुन्हा कधी झोपेल याचा नेम नसतो.

दोन तास झाले, दोन चार्जर बदलले, तरी काहीच हालचाल नाही? मग थांबा. त्यापुढे घरात करण्यासारखं काही उरत नाही.

मल्टीमीटर असेल तर

गावातल्या वायरमनकडे किंवा मोटार रिवाइंडिंगवाल्याकडे मल्टीमीटर असतो. निघणाऱ्या बॅटरीसाठी तो डीसी व्होल्टवर ठेवा आणि लाल-काळी टोकं अधिक-उण्याच्या तोट्यांना लावा. तिसरा तोटा असेल तर तो फोनला बॅटरीची माहिती देण्यासाठी असतो, तो सोडून द्या. दोन टोकं एकमेकांना लागू देऊ नका.

• ३.५ व्होल्टच्या वर: बॅटरीत चार्ज आहे. दोष बहुधा फोनमध्ये किंवा तोट्यांमध्ये.
• ३ ते ३.५ व्होल्ट: बॅटरी भुकेली आहे. फोनमध्ये घालून नेहमीसारखी चार्ज करा.
• २.५ ते ३ व्होल्ट: फार खाली गेली आहे. फोनमध्येच, साध्या चार्जरवर, समोर बसून चार्ज करा.
• २ व्होल्टच्या खाली आकडा स्थिर: ही बॅटरी चार्ज करू नका.
• अगदी शून्य: सुरक्षा पट्टीने संबंध तोडला असेल किंवा बॅटरी मेली असेल. फोनमध्ये घालून एकदाच, अर्धा-एक तास समोर बसून बघा. उठली नाही तर विषय संपला.

भरल्यावरही एक परीक्षा घ्या. बॅटरी काढून रात्रभर वेगळी ठेवा आणि सकाळी पुन्हा मोजा. व्होल्टेज बरंच खाली आलेलं दिसलं, तर आत कुठेतरी गळती आहे. अशी बॅटरी वापरात ठेवू नका.

हे जुगाड करू नका, आणि का करू नका

ट्रॅक्टर, मोटारसायकल किंवा ९ व्होल्टच्या बॅटरीचा झटका. मोबाईलची बॅटरी ४.२ ते ४.४ व्होल्टच्या वर सहन करत नाही. तिला थेट १२ व्होल्ट जोडले की करंटवर कुणाचाच लगाम राहत नाही. फोनमधलं चार्जिंगचं सर्किट हा लगाम असतो आणि तुम्ही नेमकं तेच वगळता. काही सेकंदांत आग लागू शकते, आणि तेव्हा बॅटरी तुमच्या बोटांमध्ये असते.

फ्रीजमध्ये ठेवणं. थंडीत बॅटरी आपोआप उतरण्याचा वेग कमी होतो एवढंच खरं. उतरलेला चार्ज थंडीने परत येत नाही. उलट बाहेर काढल्यावर तोट्यांवर दव धरतं. बर्फासारखी थंड बॅटरी तशीच चार्जिंगला लावली तर आत लिथियम धातूचा थर साचतो आणि शॉर्टसर्किटचा धोका वाढतो.

उन्हात किंवा चुलीजवळ तापवणं, आपटणं, दाबणं. उष्णतेने आतला पातळ पडदा खराब होतो. या पडद्यानेच अधिक-उणं वेगळं ठेवलेलं असतं.

सुरक्षा पट्टी काढून थेट वायर सोल्डर करणं. हा तर घरातली फ्यूज काढून जाड तार टाकण्यासारखा प्रकार आहे.

चिमट्याचा युनिव्हर्सल चार्जर. बॅटरी बाहेर काढून चिमट्यात अडकवायचा हा चार्जर अजून खूप घरांत आहे. बऱ्याच स्वस्त चार्जरना बॅटरी किती तापली हे कळत नाही, काही भरल्यावरही बंद होत नाहीत. वापरायचाच असेल तर दिवसा, समोर बसून. झोपताना कधीच नाही.

पूर्ण उतरवून आठ तास चार्ज करणं. हा सल्ला जुन्या निकेल-कॅडमियम बॅटरीच्या काळचा आहे. लिथियम बॅटरीला वारंवार शून्यावर नेल्याने तिचं आयुष्य घटतं.

लाईट नसताना चार्जिंग कसं करायचं?

ट्रॅक्टर किंवा गाडीवर: १२ व्होल्टच्या सॉकेटमध्ये बसणारा कार चार्जर वापरा. तो १२ चे ५ व्होल्ट करून देतो. वायर सोलून थेट जोडू नका. इंजिन सुरू करताना फोन काढून ठेवा, त्या क्षणी व्होल्टेज वरखाली होतं.

सोलर पॅनेलवर: १२ व्होल्ट म्हणून मिळणारं पॅनेल कडक उन्हात मोकळ्या तारांवर २० व्होल्टच्या आसपास जातं. ते थेट फोनला जोडलं तर फोन गेलाच समजा. मध्ये ५ व्होल्ट यूएसबी देणारा रेग्युलेटर हवा. ढग आले-गेले की चार्जिंग तुटत राहतं, म्हणून दिवसभर पॉवर बँक भरा आणि संध्याकाळी त्यावरून फोन. फोन मात्र सावलीत ठेवा, पॅनेलशेजारी उन्हात नको.

पॉवर बँक: १०,००० एमएएचची चांगली पॉवर बँक ५,००० एमएएचचा फोन दोनदा भरेल असं वाटतं. प्रत्यक्षात सव्वा ते दीड वेळाच भरते. व्होल्टेज बदलताना काही वीज वाया जातेच, त्यात फसवणूक नाही.

शेतातल्या मोटारीच्या लाईनवर: स्टार्टरमधून दोन वायरी काढून तिथेच चार्जर लावायची सवय अनेकांना आहे. दोन फेजमध्ये ४०० व्होल्टच्या वर दाब असतो. मोबाईलचा चार्जर २४० व्होल्टपर्यंतच बनवलेला असतो, तसं त्याच्यावर छापलेलं असतं. चार्जर तर फुटतोच, पण ओल्या पायाने उभ्या असलेल्या माणसाच्या जिवाला त्याहून मोठा धोका आहे. हे करूच नका.

वळवाच्या पावसात विजा कडाडत असताना चार्जर बोर्डातून काढून ठेवा. चार्जरला लावलेला फोन अशा वेळी कानाला लावू नका.

फोन भिजला असेल तर

आधी बंद करा. बॅटरी निघत असेल तर काढा, सिम आणि कार्ड काढा. कोरड्या कापडाने पुसून, पिन खाली करून सावलीत हवेशीर ठेवा, पंख्यासमोर चालेल. निदान एक-दोन दिवस चार्जर लावू नका. तांदळाच्या डब्यात ठेवल्याने फार फायदा होत नाही, उलट तांदळाचा कोंडा पिनेत जातो. फवारणीच्या औषधाच्या टाकीत किंवा खाऱ्या पाण्यात पडला असेल तर घरी न थांबता दुरुस्तीवाल्याकडेच न्या.

नवी बॅटरी घेताना

बॅटरी मेली हे नक्की झालं की नवी घेणं हाच स्वस्त उपाय. घेताना एवढं बघा:

• बॅटरीवर भारतीय मानक ब्युरोची खूण, 'आयएस १६०४६' आणि इंग्रजी 'आर' अक्षरापुढे आठ आकड्यांचा नोंदणी क्रमांक असायला हवा. मोबाईलच्या बॅटरीला ही नोंदणी सक्तीची आहे. 'बीआयएस केअर' या अॅपमध्ये तो क्रमांक टाकून बॅटरी कोणत्या कंपनीच्या नावावर आहे ते तिथल्या तिथे पाहता येतं.
• मॉडेल क्रमांक जुन्या बॅटरीशी तंतोतंत जुळायला हवा. नुसती आकाराने बसते म्हणून घेऊ नका.
• चार्जिंगचे व्होल्ट जुळायला हवेत. ४.२ ची बॅटरी ४.४ च्या फोनमध्ये चालत नाही.
• एमएएचचा आकडा अवाच्या सवा असेल तर सावध. तेवढ्याच आकाराच्या मूळ बॅटरीवर १,००० असताना हिच्यावर ३,००० लिहिलेलं असेल, तर तो आकडा खोटा.
• बिल घ्या. बॅटरी लवकर फुगली आणि दुकानदार ऐकत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करता येते.

नामांकित कंपनीचीही चूक होऊ शकते. ऑगस्ट २००७ मध्ये नोकियाने, मात्सुशिता या कंपनीने डिसेंबर २००५ ते नोव्हेंबर २००६ या काळात बनवलेल्या ४ कोटी ६० लाख बीएल-५सी बॅटऱ्यांबाबत जाहीर इशारा दिला होता. चार्जिंगला असताना त्या शॉर्ट होऊन तापण्याची भीती होती. मोठ्या कंपनीने निदान चूक ओळखून बॅटऱ्या बदलून तरी दिल्या. नाव-गाव नसलेल्या बॅटरीमागे विचारायला कुणीच नसतं.

फोनच्या आत चिकटवलेली बॅटरी घरी काढू नका. ती उचकटताना स्क्रू ड्रायव्हरचं टोक लागून पेटते. हे काम दुरुस्तीवाल्याचं आहे.

धूर निघाला, पेट घेतला तर

फोन हातात उचलू नका. जमलं तर बोर्डाचं किंवा मेनचं बटण बंद करा. मुलाबाळांना बाहेर काढा, दारं-खिडक्या उघडा. धूर विषारी असतो, त्यात तोंड घालू नका. वीज बंद केल्यावर लांबून भरपूर पाणी ओता किंवा कोरडी वाळू-माती टाका. विझल्यासारखी दिसणारी बॅटरी पुन्हा पेटू शकते, म्हणून ती बराच वेळ मोकळ्या जागी राहू द्या. आग वाढली तर १०१ किंवा ११२ ला फोन करा.

भाजलं तर भाजलेला भाग वीस मिनिटं वाहत्या साध्या पाण्याखाली धरा. टूथपेस्ट, हळद, शाई, बर्फ काही लावू नका. जखम मोठी असेल, चेहऱ्याला किंवा डोळ्याला लागलं असेल तर १०८ ची रुग्णवाहिका बोलवा.

जुनी बॅटरी टाकायची कुठे?

चुलीत नाही, उकिरड्यावर नाही, विहिरीत नाही आणि मुलांच्या खेळण्यात तर अजिबात नाही. जुनी बॅटरी दगडाने फोडून आत काय आहे ते बघण्याचा मोह मुलांना होतोच. तोट्यांवर चिकटपट्टी लावा, डब्यात वेगळी ठेवा आणि तालुक्याला जाल तेव्हा मोबाईलच्या दुकानात किंवा ई-कचरा गोळा करणाऱ्याकडे द्या. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार बॅटरी घरच्या कचऱ्यात न मिसळता वेगळी देणं ही वापरणाऱ्याची जबाबदारी आहे आणि ती परत गोळा करण्याची जबाबदारी बनवणाऱ्या कंपन्यांवर आहे.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

रात्रभर चार्जिंगला ठेवलं तर चालतं का?
चांगला फोन आणि चांगला चार्जर असेल तर फोन भरल्यावर स्वतः चार्जिंग थांबवतो. पण जुनी बॅटरी, हलका चार्जर आणि उशीखाली फोन, हे तिन्ही एकत्र आले की धोका वाढतो. झोपण्याआधी काढलेला बरा.

फोन ३० टक्क्यांवरच बंद का पडतो?
बॅटरी म्हातारी झाली आहे. साधारण ५०० वेळा पूर्ण चार्ज-डिस्चार्ज झाल्यावर बॅटरीची साठवण बरीच कमी होते. दोन-तीन वर्षांच्या फोनमध्ये हे साहजिक आहे.

जादा फोन ठेवून द्यायचा असेल तर?
निम्मा चार्ज करून, बंद करून, थंड कोरड्या जागी ठेवा. दर दोन-तीन महिन्यांनी काढून पुन्हा निम्मा भरा. पूर्ण उतरलेला फोन ट्रंकेत टाकला तर बॅटरी तिथेच मरते.

उन्हाळ्यात फोन तापतो, काय करू?
चार्जिंग सकाळी लवकर किंवा रात्री करा. दुपारी पत्र्याच्या घरात चार्जिंग नको. कव्हर काढून ठेवा आणि चार्जिंगला असताना व्हिडिओ पाहू नका.

घरात आजीचा बटणाचा फोन, शाळेतल्या पोराचा फोन, शेतावर नेायचा फोन असे तीन-चार फोन आता सगळ्यांकडेच असतात. आज संध्याकाळी लाईट असताना ते सगळे एकदा उलटे करून बघा. एखादी बॅटरी फुगलेली दिसली तर ती आजच बाजूला काढा. माहिती उपयोगाची वाटली तर गावच्या ग्रुपवर नक्की पाठवा.